बाईंच्या अकरा स्टिक

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर तो आमच्या बाईंचा. सेलूच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी त्याच शाळेत प्रयोगशाळेचा परिचर होतो. तसं पाहिलं तर आम्ही सहकारी. पण त्यांना सहकारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते छापलेलं त्यांना आवडणार नाही. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावरही भाजीवाल्यापासून स्टेशन मास्तरपर्यंत त्या सगळ्यांच्या बाईच राहिल्या.

त्या माणसांना त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी पेडगावचा, म्हणून मी पेडगाव. आमचा गोलकीपर कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होता. तो ताडकळसचा, म्हणून तो ताडकळस. ज्यांचं गाव सेलूच, त्यांची मात्र पंचाईत व्हायची. त्यांना नाइलाजानं नाव मिळायचं. त्यातले एक अन्वरभाई, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर.

आम्ही शाळेच्या मैदानावर सकाळी साडेपाचला हॉकी खेळायचो. स्पर्धा नाही, संघ नाही, कुणाला काही जिंकायचं नाही. पोटं सुटलेली, चाळिशी ओलांडलेली माणसं, त्यात मी एक तरुण, आणि मधोमध साठीकडे झुकलेल्या बाई. पायांत कॅनव्हासचे बूट, अंगात पुरुषी सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. पावसाळ्यात खेळ बंद, कारण मुरमाखालची काळी माती वर आली की चेंडूचा लाडू व्हायचा. बाकीचे आठ महिने खेळ चालायचा. आधी रोज, नंतर नंतर फक्त रविवारी.

लोक म्हणायचे, बाईंना हॉकीचं वेड आहे. बाई एकट्या राहायच्या. शाळेबाहेर त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणजे आम्हीच, तेही सकाळचा तास-दीड तास. आपण एक दिवस मैदानावर एकट्याच उरू, ही एक भीती त्यांना होती. बोलून त्यांनी ती कधी दाखवली नाही. पण त्यांच्या घरात हॉकीचं जेवढं सामान होतं, ते सगळं त्या भीतीतून जमलेलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या, आणि भिंतीवर खिळे अकरा. प्रत्येक खिळ्यावर एक स्टिक टांगलेली. खाली खडूनं नाव. ताडकळस, पेडगाव, अन्वरभाई, पूर्णा, वालूर अशी. त्यांची स्वतःची स्टिक दाराआड असायची. एकाची स्टिक दुसऱ्यानं उचलायची नाही, हा नियम होता. पूर्णेचा एक तलाठी बदली होऊन लातूरकडे गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. तरी त्याच्या स्टिकला दर पावसाळ्याच्या तोंडाला जवसाचं तेल लागायचं. मी एकदा म्हणालो, “बाई, ही दुसऱ्या कुणाला देऊन टाका की.”

“आन् तो आला म्हंजे? हातानं खेळंल का?”

स्टिक त्या माणूस बघून निवडायच्या. ज्याचा दिवस खुर्चीत जातो त्याला हलकी, कारण त्याचं मनगट झोपलेलं असतं. जो वजनं उचलतो त्याला जड, कारण हलकी दिली तर तो जमीन खणतो. नांदेडच्या दुकानात गेल्यावर बाकीची गिऱ्हाइकं स्टिक हवेत फिरवून बघायची. बाई ती कानाशी धरून बोटाच्या पेरानं खालपासून वरपर्यंत ठोकायच्या. तुतीचं लाकूड आतून तडकलं असेल तर बद्द वाजतं म्हणे. दुकानदार म्हणायचा, “बाई, माठ घ्यायला आलाव का?” बाई शांतपणे पुढची स्टिक उचलायच्या. पंधरा ठोकून एक घ्यायच्या, आणि कधी कधी एकही न घेता परत यायच्या.

चेंडूचीही अशीच गोष्ट. आमच्या मैदानाला लागून एक कापसाचं शेत होतं. चेंडू पांढरा. वेचणीच्या दिवसांत तो शेतात गेला की गेलाच. सगळीकडे पांढरंच पांढरं. दोन हंगाम बाईंनी चेंडू हरवू दिले, मग एका संध्याकाळी बसून सगळे चेंडू भगव्या ऑइलपेंटनं रंगवले. तेव्हापासून कापूस वेचणाऱ्या बायका बांधावरून ओरडायच्या, “ओ बाई, तुमचं बोंड सापडलं बघा! लय पिकलंय!”

पण त्यांची खरी तऱ्हा दिसायची ती कुणी खेळायला येत नाही म्हणालं की. माणूस कारण सांगायचा आणि बाई त्या कारणावर सामान शोधायच्या. कुणी म्हणालं, पायाच्या नळीला मार बसतो, तर त्यांनी बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, जुन्या गोधडीच्या कापडात शिवल्या आणि सगळ्यांच्या पायांना बांधल्या. नळीला लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. बँकेतले कॅशियरसाहेब म्हणाले, घामानं चष्मा घसरतो. त्यांच्या चष्म्याला मागून नाडी आली.

अन्वरभाई सहा फुटांहून उंच. त्यांची कंबर धरायला लागली तेव्हा ते म्हणाले, “बाई, अब नक्को. कमर साथ नई देती. वाकलं की उठायचं कसं हा सवाल पडतो.”

बाई त्याच दिवशी दुपारी इंचटेप घेऊन दवाखान्यात गेल्या. मी बरोबर होतो. बाकावर पेशंट बसलेले. बाईंनी अन्वरभाईंना खिडकीतून बाहेर बोलावलं, भिंतीला उभं केलं आणि मनगटापासून जमिनीपर्यंत माप घ्यायला सुरुवात केली.

एक म्हातारा पेशंट मला म्हणाला, “कंपाउंडरला काय झालं हो?”

“काही न्हाई, माप घ्यायलेत.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “माप? येवढं वाढलं का दुखणं?”

अन्वरभाई हसून हसून पुन्हा कंबर धरून बसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आकडा हातावर पेननं लिहिला आणि नांदेडच्या दुकानाला लांब दांड्याची स्टिक मागवायला सांगितलं. ती यायला दोन महिने लागले. ती आल्यावर अन्वरभाई आणखी दीड वर्ष खेळले. ताठ उभे राहून, उंटासारखे. पण खेळले.

कॅशियरसाहेब बँकेत बदलून आलेले. त्यांच्याकडे कार्बनची काळी चकचकीत स्टिक होती. आम्ही सगळे तिला हात लावायला घाबरायचो. बाईंना ती आवडणार नाही अशी आमची खात्री होती. कॅशियरसाहेबांनीच आग्रह केला. बाईंनी तिच्यानं दहा चेंडू मारले. दहाही बंदुकीच्या गोळीसारखे गेले.

“लय चांगली हाय,” बाई म्हणाल्या.

“मग तुम्हालाही एक मागवतो.”

“नको. हिच्यानं चुकलं तर दोष कुणाला द्यायचा? माझ्या लाकडाला मी रोज शिव्या देते. ते ऐकून घेतं.”

मी या लोकांत कसा गेलो ते सांगायला हवं. मी बारावी झालो होतो. वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. शाळेतल्या नोकरीनं घरात आनंद झाला होता, आणि माझ्या मते माझं शिक्षण तिथं संपलं होतं. एक दिवस बाई टिंक्चर आयोडिन मागायला प्रयोगशाळेत आल्या. मी परीक्षानळ्या धूत होतो. त्या बराच वेळ माझ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

“दिवसाला किती धुतोस?”

“शंभर-दीडशे होतात.”

“मनगट चांगलं फिरतंय. उद्या साडेपाचला ये. उजव्या बाजूला माणूस न्हाई मला.”

मी हॉकी कधी टीव्हीवरही धड बघितली नव्हती. गेलो, कारण बाईंना नाही म्हणायचं कसं ते मला येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी चेंडूऐवजी ताडकळसच्या पायावर मारलं. तो म्हणाला, “बाई, हा उजव्या बाजूचा माणूस का समोरच्या पार्टीचा?” पण दोन महिन्यांत मला जमायला लागलं. राइट विंगला धावायचं आणि बाईंचा पास घ्यायचा. बाई माझ्याकडे न बघता पास द्यायच्या. मी तिथं असणार हे त्यांनी गृहीत धरलेलं असायचं. माझ्यावर आधी कुणी असा विश्वास टाकला नव्हता.

एकदा खेळ झाल्यावर पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलो होतो. बाई स्टिकच्या दांड्यावर पट्टी गुंडाळत होत्या.

“पेडगाव, तू पुढं कामून न्हाई शिकला?”

“आमच्या घरात कुणीच न्हाई शिकलं, बाई.”

“मग वाट मोकळीच हाय की. गर्दी न्हाई कुणाची.”

आठवड्याभरात त्यांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणला. नको म्हणायला मी बरीच कारणं सांगितली, आणि तिथंही त्यांची रीत तीच. पुस्तकं समजत नाहीत म्हणालो, तर म्हणाल्या, खेळ झाला की रोज अर्धा तास मोठ्यानं वाच, मी ऐकते. तीन वर्षं मी त्या पायरीवर इतिहास आणि राज्यशास्त्र वाचलं. बाई दांडे गुंडाळत ऐकायच्या आणि मध्येच हात वर करायच्या. “थांब. हे मला न्हाई कळलं. तुला कळलं का? सांग मग.” मी सांगायचो. सांगता सांगता मलाच कळायचं. त्यांना खरंच कळत नव्हतं, की माझ्यासाठी त्या तसं म्हणत होत्या, हे मी आजवर विचारलेलं नाही.

परीक्षेआधी मी म्हणालो की माझ्या हाताला घाम फुटतो, पेन निसटतं. पेपरच्या दिवशी बाई सेंटरच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी मला एक पेन दिलं. त्याला स्टिकच्या दांड्याला लावतात तीच पट्टी बारीक कापून गुंडाळलेली होती. “घट्ट धर, पण आवळू नको,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पदवीचा कागद हातात आला तेव्हा मी आधी त्यांच्याकडे गेलो, मग पेडगावला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला. “ह्याला प्लॅस्टिक घाल. आन् रविवारी लवकर ये, अन्वरभाई येणार न्हाईत, त्यांची जागा धरावी लागंल.”

बाईंना पोटभर हसताना मी एकदाच पाहिलं. ताडकळसची गोलकीपरची पॅडं दाबून दाबून चपटी झाली होती. त्याला मार लागायचा आणि तो कुरकुर करायचा. बाईंनी पॅडं उसवून नव्यानं भरायचं ठरवलं. त्या ताडकळसला म्हणाल्या, तुमच्या जिनिंगमधून थोडी रुई आण. तो म्हणाला, “रुई कशाला आणायची? घरचा कापूस पडलाय की, पोतंभर आणतो.” त्यानं आणला. आम्ही तिघांनी बसून तो कोंबून कोंबून भरला. सरकी काढलेली नव्हती, हे तिघांनाही दिसत होतं. पण सरकीनं पॅड जड होईल, चांगला मार झेलेल, असं त्याचं म्हणणं पडलं. तो रोज कापूस तोलणारा माणूस. आम्ही ऐकलं.

मग पावसाळा लागला. पॅडं शाळेच्या सामानाच्या खोलीत ठेवली होती आणि ती खोली गळायची. पाऊस उघडल्यावर बाईंनी कुलूप काढलं आणि त्या दारातच थांबल्या. पॅडांच्या शिवणींतून हिरवे कोंब बाहेर आले होते. एक-दोन नाही, रांगेनं. काहींना दोन-दोन पानंही फुटली होती.

ताडकळस कमरेवर हात ठेवून बघत राहिला. शेवटी म्हणाला, “उगवण चांगली झालीय.”

अन्वरभाई म्हणाले, “मियाँ, आता यूरिया टाका. दिवाळीपर्यंत पाय वेचायला येतील.”

“बोलू नका तुमी. बाई, दोन हातावर एक ठेवून विरळणी करायला लागंल.”

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आम्ही सगळेच हसलो. नंतर त्यांनी एकेक कोंब उपटला, सगळा कापूस काढला, पॅडं उन्हात वाळवली आणि रुईनं पुन्हा भरली. घरी जाताना मी त्यांच्याबरोबर चालत होतो. त्या मला म्हणाल्या, “पेडगाव, लय वर्षांनी कुणासंगं हसले बघ.”

त्याच वाटेवर, दुसऱ्या एका दिवशी, मी त्यांना विचारलं होतं की त्या हॉकी कुठं शिकल्या. म्हणाल्या, कॉलेजात. “आमी अकरा जणी होतो. एका मागं एक दहा जणींची लग्नं झाली.” एवढं सांगून त्यांनी रस्त्यावरचा दगड स्टिकनं कडेला सारला.

माणसं एकदम कमी झाली नाहीत. जिनिंग बंद पडलं आणि ताडकळस गावाकडे गेला. कॅशियरसाहेबांची बदली झाली. जाताना ते आपली काळी स्टिक बाईंना देऊन गेले. बाईंनी ती त्यांच्या खिळ्यावर, आधीच्या लाकडी स्टिकच्या जागी टांगली, वापरली नाही. अन्वरभाईंना डॉक्टरांनीच मनाई केली. कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या घरात सुना आल्या, कुणाला सकाळी फिरायला नवी सोबत मिळाली. प्रत्येकासाठी बाईंनी काहीतरी केलं. पट्टे शिवले, दांडे कापले, दांडे वाढवले. माणूस महिना-दोन महिने यायचा आणि पुन्हा थांबायचा. खिळ्यांवर अकरा स्टिक, आणि मैदानावर आम्ही चार, मग तीन, मग दोघं. दोघांत कसली हॉकी? एकमेकांना पास देत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. तरी बाई साडेपाचला हजर असायच्या.

मला पदवीच्या जोरावर परभणीला एका कार्यालयात कारकुनाची जागा मिळाली. पहिलं वर्षभर मी दर रविवारी पहाटेच्या गाडीनं सेलूला जायचो. मग माझं लग्न झालं. बायकोची तक्रार नव्हती. तक्रार माझ्यातच सुरू झाली. कार्यालयात एक दिवस चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, रविवारी कुठं असता. मी सांगितलं. एक जण म्हणाला, “म्हंजे सुट्टीच्या दिवशी म्हातारीसंगं लाकडं आपटायला जातायव व्हय, रावसाहेब?” सगळे हसले. मीही हसलो.

त्या आठवड्यात मी बाईंना फोन केला.

“बाई, या रविवारी न्हाई जमत. गुडघा दुखायलाय.”

“कोणता?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. “डावा.”

“वरून का आतून?”

“आतून.”

“बरं. उगं काही आवळून बांधू नको. मी बघते.”

सेलूहून रोज रेल्वेनं ये-जा करणारे एक शिक्षक होते. गुरुवारी त्यांच्या हाती एक पुडकं आलं. आत गुडघ्याला बांधायचा पट्टा होता. गोधडीचं कापड, आत रुईचा पातळ थर, वाटीच्या जागी गोल भोक, मागं नाड्या. बरोबर चिठ्ठी, “आतल्या बाजूला जाड आहे. उलटा घालू नकोस.” मी तो बांधून बघितला. अगदी बरोबर बसला. माझ्या गुडघ्याचं माप त्यांनी कधी घेतलेलं नव्हतं.

मी लगेच गेलो असतो तर बरं झालं असतं. पण दुखत नसलेल्या गुडघ्याला तो पट्टा बांधून त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटली. दोन रविवार मी टाळले. तिसऱ्या रविवारआधी त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो की आता खांदा धरलाय. आठवड्याभरात त्या शिक्षकांच्या हाती लांबडं पुडकं आलं. खिळ्यावरची माझी स्टिक. काचेच्या तुकड्यानं तासून तासून तिचं वजन उतरवलं होतं. कित्येक दुपारी गेल्या असतील त्यात. चिठ्ठी होती, “खांद्याला भार येणार नाही. तासलेल्या जागी जवसाचं तेल लाव.”

त्या रात्री मी जेवलो नाही. आणि तरीही रविवारी गेलो नाही. पुढच्या फोनला म्हणालो, “बाई, खरं सांगू का, वेळच मिळत न्हाई.”

मग त्या म्हणाल्या, “त्याला माझ्याकडं काही न्हाई रे.” आणि फोन ठेवताना, “तब्येतीला जप.”

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

गेल्या माघ महिन्यात एका रविवारी बायकोच्या मामेभावाच्या साखरपुड्यासाठी आम्ही सेलूला गेलो. कार्यक्रम अकराचा, आणि आम्ही पहाटेच्या गाडीनंच पोहोचलो. बायको नातेवाइकांकडे गेली, मी पाय मोकळे करायला म्हणून निघालो. पाय कुठं जाणार ते मला माहीत होतं. मैदानाची कुंपणाची भिंत छातीएवढी आहे. मी रस्त्याच्या बाजूनं, पिंपरणीच्या झाडाच्या आडोशाला उभा राहिलो.

बाई खेळत होत्या. मैदानभर विटा मांडलेल्या, दोन-दोन विटांच्या फटीत एकेक स्टिक उभी केलेली. मी मोजल्या. दहा. लेफ्ट हाफला अन्वरभाईंची उंच स्टिक, पुढं कॅशियरसाहेबांची काळी, गोलात ताडकळसची पॅडं खांबाला टेकवून ठेवलेली. बाई चेंडू मारायच्या, तो एखाद्या स्टिकला लागून थांबायचा, मग त्या धावत तिथं जायच्या आणि तिथून पुढच्याला पास द्यायच्या. धावणं आता चालण्यासारखंच झालं होतं. पास देताना त्या नाव घ्यायच्या. “हं, अन्वरभाई.” “पूर्णा, झोपू नको.”

उजव्या बाजूला, राइट विंगच्या जागी, विटा नव्हत्या, स्टिकही नव्हती. माझी स्टिक परभणीत माझ्या घरी दाराआड उभी होती. त्यांच्याकडे एखादी जुनी तरी असेलच, ती त्यांना तिथं लावता आली असती. त्यांनी लावली नव्हती. खेळ फिरून उजवीकडे आला की त्या न बघता पास द्यायच्या, पूर्वीसारखाच. चेंडू त्या मोकळ्या जागेतून घरंगळत थेट भिंतीपर्यंत यायचा. मग त्या तेवढं अंतर चालत येऊन तो घेऊन जायच्या. या पासाच्या वेळी मात्र त्या नाव घेत नव्हत्या.

मी फाटकाकडे गेलो नाही. साखरपुड्याला जाऊन बसलो आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर मी किती वेळा फोन हातात घेतला ते सांगत नाही. शेवटी या मंगळवारी पत्र लिहून पोस्टात टाकलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती इथं देतो.

आदरणीय बाईंना,

सविनय नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर मी तुमच्याशी तीन वेळा खोटं बोललो, आणि पुन्हा तुमचा आवाज ऐकला तर चौथ्यांदा बोलेन याची मला भीती वाटते.

माझा गुडघा कधी दुखला नाही. खांदाही दुखला नाही. वेळ नाही म्हणालो तेही खोटं होतं. रविवारी मी नऊ वाजेपर्यंत झोपलेला असतो.

कार्यालयातली माणसं तुमच्यावर हसली आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. ज्या खुर्चीत बसून हसलो ती तुमच्यामुळे मिळालेली होती. त्यानंतर तुमच्यासमोर यायचं माझं धाडस झालं नाही. मग मी दुखणी शोधली आणि तुम्ही ती खरी मानून शिवत बसलात, तासत बसलात. तुमच्या हाताला काच लागली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. माघातल्या एका रविवारी मी मैदानाच्या भिंतीपलीकडे उभा होतो. उजवीकडे तुम्ही दिलेले तीन पास मी पाहिले. तिसरा माझ्यासमोरच भिंतीला लागला. तुम्ही तो घ्यायला आलात तेव्हा मी खाली वाकून बसलो. आपल्यामध्ये एका विटेच्या रुंदीची भिंत होती. तुम्हाला धाप लागली होती, ती मला ऐकू येत होती. तुम्ही थोडा वेळ तिथंच थांबलात, आणि एवढ्या वेळात मी नुसतं उभं राहायचं होतं, ते माझ्याच्यानं झालं नाही.

माफी पत्रातून मागत नाही. येत्या रविवारी साडेपाचला मी मैदानाच्या फाटकाशी असेन. तुम्ही आला नाहीत तर उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबेन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येऊन थांबेन.

तुमचा,
पेडगाव